कलमवाल्याची मुलगी आणि काचेचं कॉलेज

संत्र्याच्या मुलखातल्या एका गावात एक कलम बांधणारा राहत होता. त्याचं नाव शेषराव. आंबट जंबेरी लिंबाचं रोप घ्यायचं, त्याच्या खोडाला चाकूनं बारीक चीर द्यायची, त्या चिरेत गोड संत्र्याच्या फांदीवरचा डोळा, म्हणजे कोंबाची फुगीर गाठ, बसवायचा आणि वरून पट्टी बांधायची, हा त्याचा धंदा. डोळा धरला की रोप संत्र्याचं झालं. डोळा मेला की जंबेरीच वर येते. नवख्या माणसाला दोन्ही रोपं सारखीच हिरवी दिसतात. खरं काय ते पाच वर्षांनी फळ लागतं तेव्हा कळतं, आणि तोवर रोपं विकणारा कुठल्या कुठं गेलेला असतो.

म्हणून शेषरावाची एक रीत होती. गिऱ्हाईक आलं की तो आधी पैशाला हात लावत नसे. पाच वर्षांमागं ज्यांना कलमं दिली, त्यांची नावं आणि गावं सांगायचा.

"माझ्या वाफ्यात काय पाहता? वाफा तर चोराचाही हिरवा असते. त्या बागा पाहून या, मंग पैशाचं बोलू."

या रितीमुळं चार गिऱ्हाइकं निघून जात. पण जे बागा पाहून परत येत, ते पुढं नातवंडांच्या बागेलाही त्याचीच कलमं नेत. पंचक्रोशीत शेषरावाच्या शब्दाला मान होता, आणि शेषरावाला त्या मानाचा अभिमान होता.

त्याला एकच मुलगी, चैताली. अभ्यासात हुशार, पण फार भित्री. कुकरची शिट्टी झाली तरी दचकायची. तिची आई म्हणायची, "देवानं हिच्या छातीत चिमणी ठेवली आहे."

चैताली बारावी चांगल्या गुणांनी पास झाली, त्याच सुमारास हमरस्त्यावर एक नवं कॉलेज उभं राहून सहा वर्षं झाली होती. साऱ्या इमारतीला काचा. लोक त्याला काचेचं कॉलेजच म्हणत. फाटकावर एक भलामोठा फ्लेक्स होता. त्यावर अकरा मुलांचे फोटो आणि प्रत्येकाच्या खाली त्याचा पगार लाखांत. शेषरावानं तो फ्लेक्स एसटीच्या खिडकीतून पाहिला, आणि घरी येईपर्यंत त्याच्या डोक्यात बारावा फोटो लागलासुद्धा. आपल्या मुलीचा.

गावात मधुकररावांचं खताचं दुकान होतं. दुकानापुढच्या बाकावर गाव बसायचं. मधुकररावांचा मुलगा त्याच कॉलेजात जाणार होता. शेषराव तिथं जाऊन म्हणाला, "तुमचा पोट्टा जाते, तं माझी पोट्टीही जाते. इंजिनिअर करतो तिले!" आणि त्यानं सगळ्यांना पेढे वाटले.

चार वर्षांचा खर्च आठ लाख होता. एवढे पैसे शेषरावाकडं नव्हते. होती ती ओढ्याकाठची जमीन, आणि तिच्यावर त्याच्या बापानं लावलेली संत्र्याची सतरा जुनी झाडं. आजवर बांधलेल्या प्रत्येक कलमाचा डोळा त्या झाडांवरून घेतलेला होता. घरात त्यांना मायझाडं म्हणत. शेषरावानं ती जमीन झाडांसकट विकायचं ठरवलं. घेणारा ठरला. सोमवारी बयाणा, म्हणजे सौद्याची आगाऊ रक्कम, घ्यायचा होता.

"मायझाडं गेल्यावर डोळे कुठून आणाल?" चैतालीच्या आईनं विचारलं.

"आणीन कोणाकडूनही. पोरीपेक्षा झाडं मोठी हायेत का?"

चैताली ओट्याशी उभी राहून ऐकत होती. बाबा आपल्यासाठी केवढं करतायत, याचा तिला अभिमान वाटला, आणि त्याहून जास्त धास्ती वाटली. आपण सतरा झाडांच्या मोलाच्या निघालो नाही तर?

शुक्रवारी बापलेक कॉलेज पाहायला गेले. दार आपोआप सरकून उघडलं तशी चैताली एक पाऊल मागं आली. आत गार हवा होती. गुळगुळीत फरशी होती. एका सरांनी त्यांना सोफ्यावर बसवलं, कॉफी दिली आणि चकचकीत पुस्तिका हातात ठेवली.

"शंभर टक्के प्लेसमेंट," सर म्हणाले. "सोमवारी पहिला हप्ता भरा. नाहीतर सीट जाईल."

चैताली बाबांकडं बघत राहिली. आता बाबा विचारतील, तिला वाटलं. रोप नेणाऱ्याला आधी बागा पाहायला पाठवणारा माणूस. पण शेषराव सोफ्याच्या टोकावर अंग चोरून बसला होता. चपलेचा चिखल फरशीला लागला म्हणून पाय मागं घेत होता. सरांच्या प्रत्येक वाक्याला "हो जी, हो जी" म्हणत होता.

चैतालीचे गुडघे एकमेकांवर आपटू लागले. तरी तिनं तोंड उघडलं.

"सर, आधीची मुलं आता कुठं आहेत?"

"बाहेर फ्लेक्स आहे ना."

"तो पाहिला. त्यांच्यातल्या एखाद्याला भेटता येईल का? नुसतं गाव सांगितलं तरी आम्ही जाऊन येऊ."

सर हसले. "असं कुणी विचारत नाही, बेटा. शिक्षणात विश्वास ठेवावा लागतो."

शेषरावानं तिला कोपरानं ढोसलं. "चूप राह्य वं!"

परतीच्या एसटीची वाट पाहत दोघं फाटकाशी उभे राहिले. शेषरावानं रागानं पाठ फिरवली होती. चैताली फ्लेक्सखाली उभी होती. जवळून पाहताना तिच्या लक्षात आलं की अकराही फोटोंत टाय एकच होता. लाल, पिवळ्या पट्ट्यांचा, आणि गाठीखाली तोच एक डाग. तिसरा फोटो तिच्या ओळखीचा निघाला. तो हर्षल इंगोले, तिच्याच शाळेत तिच्या पाच वर्षं पुढं असलेला, दोन थांब्यांपलीकडच्या गावचा.

"बाबा, हे बघा ना, टाय…"

"एक शब्द बोलू नको. इज्जत घालवली आज तू माझी."

शनिवारी सकाळी चैताली आईला सांगून हर्षलच्या गावी गेली. एकटीनं एसटीत बसायची तिची ही पहिलीच वेळ. तिकीट घामानं ओलं झालं. हर्षल घरी नव्हता. त्याच्या आईनं हमरस्त्यावरच्या पार्सलच्या गोदामाचा पत्ता दिला. तिथं तो गावागावांची खोकी वेगळी करत होता.

"टाय?" तो हसला. "तो फोटोवाल्याचा होता. एकाच्या गळ्यातून काढायचा, दुसऱ्याच्या गळ्यात घालायचा."

"आणि तो सहा लाख पगार?"

"नोकरीचं पत्र आलं होतं. रुजू व्हायचं बोलावणं नाही आलं."

"बाकीचे दहा जण?"

हर्षलनं हातातलं खोकं खाली ठेवलं. "दोघं पुण्यात आहेत, खरोखर चांगल्या नोकरीत. पण ते रात्रंदिवस स्वतःचं स्वतः शिकायचे. एकजण त्याच कॉलेजात शिकवतो. बाकीचे माझ्यासारखे." मग म्हणाला, "कॉलेजात काहीच शिकवलं नाही असं नाही म्हणत मी. पण ते आठ लाखांचं नव्हतं. हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मीही कुणाला विचारलं नाही."

चैताली निघाली तेव्हा त्यानं हाक मारून थांबवलं. "आमच्या गल्लीतली शबाना शेख पाह्य. जिल्ह्याच्या जुन्या कृषी कॉलेजात शिकली. आता तालुक्यात माती तपासायच्या लॅबमध्ये आहे. तिथली इमारत गळते म्हणतात, पण ती खूश दिसते."

चैताली दुपारी लॅबमध्ये पोचली. शबानाच्या टेबलावर एका संत्र्याच्या झाडाची मुळं पसरलेली होती. सालीतून डिंक गळून झाड का मरतं, ते ती शोधत होती. या डिंक्यानं चैतालीच्या बाबांची किती झाडं गेली होती! बाबा नुसतं कपाळाला हात लावायचे. शबानानं बारीक मुळाची साल नखानं ओढली. ती मोज्यासारखी अलगद निघून आली.

"दिसलं? रोग वर नाहीच. इथून खालून चढतो. पाणी साचू दिलं की झालं."

चैतालीनं एक विचारलं, मग दुसरं, मग दहावं. शबाना सांगत गेली, पगारही सांगितला, कामातला कंटाळाही सांगितला. चैतालीची परतीची पहिली एसटी केव्हा निघून गेली ते तिला कळलंच नाही.

रविवारी सकाळी शेषराव दाढी करत होता. चैताली त्याच्यापुढं उभी राहिली आणि आधाराला तिनं ओसरीचा खांब धरला.

"बाबा, मला काचेच्या कॉलेजात नाही जायचं. मला जुन्या कृषी कॉलेजात जायचं आहे."

वस्तरा थांबला. "साऱ्या गावात पेढे वाटले म्या! आता तोंड कुठं दाखवू? लोक म्हणतील, शेषरावाजवळ पैसे नव्हते."

"गिऱ्हाइकाला तुम्हीच म्हणता ना, बागा पाहून या? मी पाहून आले, बाबा." आणि तिनं हर्षलचं, शबानाचं, टायचं, सगळं सांगितलं. तिचा आवाज कापत होता, पण तिनं एकही गोष्ट गाळली नाही. पुण्यातल्या त्या दोन मुलांचीही नाही.

शेषरावानं अर्ध्या दाढीचा फेस पुसला. मग म्हणाला, "एका बागेवरून कलम ठरत नसते. तू दोन पाहिल्या. बाकीच्या मी पाह्यतो."

"उद्या बयाणा आहे," आई म्हणाली.

"घेणारा थांबेल."

सोमवारी शेषराव पहाटेच निघाला. हर्षलला भेटला. फ्लेक्सवरच्या आणखी दोघांना शोधून काढलं. त्यातला एक सासऱ्याच्या किराणा दुकानात होता. मग तो जुन्या कृषी कॉलेजात गेला. भिंतींचे पोपडे निघाले होते. एका सरांनी त्याला लाकडी खुर्ची दिली. इथं शेषराव खुर्चीत पाठ टेकून बसला आणि त्यानं खणखणीत आवाजात विचारलं, "तुमच्याकडून गेल्या साली निघालेली पोरं आज काय करतात?"

सरांनी कपाटातून वही काढली. "अठ्ठावीस होती. एकोणीस कामाला लागली. सहा अजून शोधतायत. तिघं कुठं आहेत मला माहीत नाही." हे शेवटचं सांगताना सरांनी मान खाली घातली.

शेषरावाला तिथंच माणूस पटला. प्रवेश गुणांवर होता, आणि चैतालीचे गुण पुरत होते. खर्च विचारला तर वसतिगृह धरून चार वर्षांचे दीड लाखही होत नव्हते. तेवढे कलमांतून निघण्यासारखे होते. घरी येऊन त्यानं जमीन घेणाऱ्याला निरोप धाडला, ओढ्याकाठची जमीन विकायची नाही.

मंगळवारी तो चैतालीला घेऊन खताच्या दुकानावर गेला. मधुकरराव गल्ल्यावर होते. बाक भरलेलं होतं. बातमी आधीच पोचली होती.

"काहो शेषराव," मधुकरराव मोठ्यानं म्हणाले, "काचेला तडा गेला म्हणे! का पैसे कमी पडले?"

बाकावरचे लोक हसले. चैतालीला वाटलं, इथून पळून जावं. पण बाबांनी तिचा हात धरला होता.

"पैसे कमी नव्हते पडले," शेषराव म्हणाला. "जमिनीले गिऱ्हाईक उभं होतं. अक्कल कमी पडली, अन् ती माझी. चाळीस रुपयाचं कलम नेणाऱ्याले मी दहा बागा फिरवतो, अन् आठ लाखाच्या जागी एक सवाल नाही केला. गार हवेत बसून हो जी, हो जी करत रायलो." त्यानं चैतालीला थोडं पुढं केलं. "हे पोट्टी माह्या बाजूले बसून थरथर कापत होती. कापता कापता तिनं विचारलं. म्या तिले चूप केलं. तरी ते एकटी इंगोल्याच्या पोराच्या गोदामात गेली, पाहून आली, अन् माह्या तोंडावर सांगतलं. इंजिनिअर होवो का न होवो, मले असं लेकरू हाये. पेढे वाटले होते ना म्या? ते परत नाही मागत. ते बरोबरच वाटले होते, फक्त आठ दिवस आधी वाटले."

बाकावर कुणी हसलं नाही. एक म्हातारा हळूच म्हणाला, "वा रे पोरी!"

मधुकरराव गल्ल्यातल्या नोटा उगाच सारख्या करत बसले. त्यांच्या मुलाच्या पहिल्या हप्त्याला कॉलेजनं गुरुवारची मुदत दिली होती. थोड्या वेळानं त्यांनी मान वर केली. आवाज अगदी खाली आला होता.

"चैताली, त्या इंगोल्याच्या पोराच्या गोदामाकडं जायची एसटी किती वाजता असते वं?"

"सव्वासातला, काका," चैताली म्हणाली. "चला, मी येते सोबत."

तात्पर्य: शिकायला पैसे घालण्याआधी शिकवणाऱ्याच्या दारावरची पाटी पाहू नये, तिथून शिकून निघालेली माणसं आज कशी जगतात ते स्वतः जाऊन पाहावं. आणि विचारताना पाय कापले तरी त्यात लाज नाही. लाज आहे ती न विचारता मान डोलावण्यात.