हौसाची विसावी फुलदाणी

डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या एका गावात हौसा नावाची एक बाई राहायची. तिच्या हातात कला होती. लोकांनी फेकून दिलेल्या वस्तूंपासून ती सुंदर फुलदाण्या करायची.

त्या गावात फुलं दोनच ठिकाणी जायची, देवाला नाहीतर वेणीत. घरात नुसती शोभेसाठी फुलं ठेवायची, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. हौसानं पहिल्यांदा बिस्किटांच्या गंजक्या डब्याला जुन्या लुगड्याचे काठ चिकटवले, त्यात तेरडा खोचला आणि डबा खिडकीत ठेवला, तेव्हा शेजारणी तोंडाला पदर लावून हसल्या. पण येता-जाता त्यांचीच नजर त्या खिडकीकडे वळू लागली. शेवटी एकीनं विचारलंच, "मला दाखवशील का गं, कसं केलंस ते?"

हौसानं हातचं काही राखलं नाही. ती म्हणाली, "अगं, यात अवघड काय आहे? चिंचोके भाजायचे, साल काढून भिजवायचे, वाटून शिजवायचे, की झाली खळ. डब्याला नाहीतर बाटलीला खळ लावायची आणि बुडापासून सुतळी गुंडाळत वर जायचं. मधे फट म्हणून राहू द्यायची नाही. वाळली की गेरूनं आणि चुन्यानं नक्षी काढायची. बाटली नसेल तर बुडाशी गाठ ठेवून बांबूचं एक पेर कापायचं. खर्च काही नाही. डोळे उघडे ठेवायचे, बस्स."

हौसाचे डोळे मात्र हळूहळू जरा जास्तच उघडे राहू लागले. रस्त्यानं जाताना ती माणसांआधी वस्तू बघायची. कुणाच्या परसात फुटका माठ दिसला, कुणाच्या कोनाड्यात रिकामी बरणी दिसली, की तिच्या मनात लगेच त्यावरची नक्षी उमटायची. "पडूनच आहे तुमच्याकडे," असं म्हणून ती वस्तू उचलायची. लोकही हसून देऊन टाकायचे.

एकदा गावच्या वाचनालयाची नवी खोली बांधून झाली. वाचनालय चालवणारे गुरुजी हौसाकडे आले आणि म्हणाले, "हौसाबाई, उद्घाटनाला वीस फुलदाण्या हव्यात. तालुक्याहून पाहुणे येणार आहेत. आपल्या गावाची शोभा तुमच्या हातात आहे."

हौसाला आभाळ ठेंगणं झालं. ती तहानभूक विसरून कामाला लागली. उद्घाटनाच्या दोन दिवस आधी एकोणीस फुलदाण्या तयार झाल्या. विसाव्या फुलदाणीसाठी मात्र घरात काहीच उरलं नव्हतं.

हौसाच्या घराशेजारी येसाप्पा नावाचे म्हातारे एकटेच राहायचे. त्यांच्या ओसरीवरच्या कोनाड्यात एक काचेची बाटली होती. उंच, निमुळत्या गळ्याची, हिरवट काचेची. तळाशी काळं तेल सुकलेलं आणि वर धूळ बसलेली. हौसानं ती बाटली कितीतरी वेळा पाहिली होती.

ती ओसरीपाशी गेली. "आप्पा, ओ आप्पा!" तिनं हाक मारली. आत कुणी नव्हतं. क्षणभर ती थांबली. मग तिला वाटलं, धूळ खात तर पडली आहे, मागाहून सांगू. तिनं बाटली उचलली आणि घर गाठलं.

बाटलीवर एक पिवळा पडलेला कागद चिकटवलेला होता. हौसानं बाटली कोमट पाण्यात बुडवली. कागद फुगला. त्यावर पेन्सिलीनं लिहिलेली मोठी, वाकडीतिकडी अक्षरं होती. तिनं ती वाचली, गालात हसली आणि नारळाच्या शेंडीनं कागद खरवडून काढला. त्याचा लगदा पाण्याबरोबर मोरीतून वाहून गेला.

ती विसावी फुलदाणी सगळ्यांत देखणी झाली. हौसानं तिच्या गळ्याला सुतळी गुंडाळली आणि पोटावर फुटक्या बांगड्यांच्या काचांची वेल चिकटवली. उद्घाटनाच्या दिवशी त्यात निशिगंधाच्या काड्या ठेवल्या होत्या. पाहुण्यांनी ती हातात घेऊन फिरवून फिरवून पाहिली. टाळ्या वाजल्या. त्या गर्दीत काठी टेकत आलेले येसाप्पाही होते. त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

येसाप्पांना बाटलीबद्दल सांगायचं हौसा त्या गडबडीत विसरूनच गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी येसाप्पाच तिच्या दारात आले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"हौसा, तुझ्याकडं सगळ्या गावच्या बाटल्या येतात. माझी एक बाटली कुठं दिसत नाही. हिरवी होती. वर कागद होता. आमच्या हिच्या हातचा. चुकून तुझ्याकडं आली का गं?"

येसाप्पांची बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. खरं सांगायला हौसानं तोंड उघडलं, पण बाहेर पडलं ते भलतंच.

"नाही हो आप्पा. माझ्याकडं नाही."

"मग त्या कोंडाबाईनंच झाडताना टाकली असणार," येसाप्पा म्हणाले आणि काठी टेकत निघून गेले.

कोंडाबाई त्यांच्याकडे झाडलोट करायची आणि दोन भाकरी थापून द्यायची. तिनं बाटलीला हात लावला नव्हता. ती शपथेवर तसं सांगत राहिली, पण येसाप्पांनी ऐकलं नाही. त्यांनी तिला कामावर येऊ नको म्हणून सांगितलं. गावात कुजबुज सुरू झाली. नळावर बायका कोंडाबाईशी तुटक बोलू लागल्या. हौसानं हे पाहिलं, आणि हंडा अर्धाच भरून ती घरी परतली.

तिचं मन कशात लागेना. खूप विचार करून तिनं एक युक्ती काढली. तशीच दुसरी बाटली शोधली. तळाशी थोडं तेल घालून ती चुलीजवळ काळी केली. कागदाचा तुकडा चहाच्या पाण्यात बुडवून पिवळा केला. मग डाव्या हातात पेन्सिल धरून तिनं त्यावर तीच वाकडीतिकडी अक्षरं काढली आणि कागद खळीनं चिकटवला. ओसरीखाली पडलेली सापडली म्हणून सांगायचं, की म्हातारा खूश, कोंडाबाई मोकळी, आणि आपलंही नाव राहील.

बाटली वाळल्यावर तिनं ती उजेडात धरून पाहिली. अगदी हुबेहूब जमली होती. इतकी हुबेहूब, की हौसाला स्वतःच्याच हातांची भीती वाटली. आप्पा रोज या कागदाकडे बघतील. बायकोला आठवतील. आणि बघत असतील माझ्या खोट्या अक्षरांकडे. तिनं कागद ओला केला आणि फाडून चुलीत टाकला.

मग ती वाचनालयात गेली आणि गुरुजींना खरी गोष्ट सांगितली. ती विसावी फुलदाणी पदराखाली न झाकता उघड हातात धरून ती भर दुपारी येसाप्पांच्या ओसरीवर आली.

"आप्पा, ही तुमची बाटली. मीच नेली होती, न विचारता. कागद मी खरवडून टाकला. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले. कोंडाबाईचा काही दोष नाही."

येसाप्पांनी फुलदाणी हातात घेतली. काचांच्या वेलीवरून बोट फिरवलं. जिथं कागद होता तिथं बोट थांबलं. हौसा मान खाली घालून उभी राहिली. शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

शेवटी येसाप्पांनी विचारलं, "खरवडायच्या आधी वाचलंस का?"

"हो, आप्पा."

"काय लिहिलं होतं?"

हौसानं चमकून वर पाहिलं. "तुम्हांला ठाऊक नाही?"

"मला कुठं वाचता येतं?" येसाप्पा म्हणाले. "ती म्हातारपणी रात्रीच्या वर्गाला जाऊन शिकली. मला म्हणायची, चला. मी गेलो नाही. मग हा कागद चिकटवला. काय लिहिलंस विचारलं, तर हसायची. म्हणायची, शिका आणि वाचा. आज शिकू, उद्या शिकू करता करता ती गेली. बायकोनं लिहिलेलं दुसऱ्याकडून कसं वाचून घ्यायचं? लाज वाटायची."

सावकाश, एकेक शब्द आठवत हौसानं सांगितलं, "लिहिलं होतं... ह्यांच्या गुडघ्याचे तेल. रोज लावणे. आळस करू नये."

येसाप्पा ऐकत राहिले. मग त्यांचे खांदे हलू लागले. आधी हौसाला वाटलं ते रडताहेत. पण ते हसत होते, आणि डोळ्यांतून पाणीही वाहत होतं.

"आळस करू नये! अशीच बोलायची. पुन्हा सांग."

हौसानं पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदाही सांगितलं.

"अक्षर गेलं ते गेलं," येसाप्पा डोळे पुसत म्हणाले. "ते मी विसरणार नाही, हौसा. पण तू गप्प बसली असतीस, तर तिचं बोलणंही तुझ्यापाशीच राहिलं असतं." मग त्यांनी काठी उचलली. "चल. त्या कोंडाबाईची माफी मागायची आहे. आपल्या दोघांनाही."

दोघं नळावर गेली. तिथं सगळ्या बायकांसमोर हौसानं आपली चूक सांगितली आणि दोघांनीही कोंडाबाईची माफी मागितली. कोंडाबाईनं ऐकून घेतलं. ती म्हणाली, "चार दिवस मी चोरासारखी खालमानेनं पाणी भरलं. ते दिवस काही परत मिळत नाहीत, बाई." एवढं बोलून तिनं हंडा उचलला. दुसऱ्या दिवसापासून ती येसाप्पांकडे कामाला जाऊ लागली. हौसाशी मात्र महिनाभर बोलली नाही. हौसानंही तिला घाई केली नाही. ती रोज नळावर जायची आणि कोंडाबाईला आपल्या आधी पाणी भरू द्यायची.

हौसानं फुलदाण्या करायचं सोडलं नाही. पण कुणाच्या अंगणात फुटकी कपबशी दिसली तरी ती दारात उभी राहून विचारायची, "ही तुमच्या कामाची आहे का?" घरातलं माणूस भेटलं नाही, तर ती रिकाम्या हातानं परत यायची.

तात्पर्य: आपल्याला टाकाऊ वाटणारी वस्तू दुसऱ्याच्या जिवाभावाची असू शकते, म्हणून विचारल्याशिवाय कशालाही हात लावू नये. आणि चूक झालीच, तर ती झाकून ठेवू नये, कबूल करावी. झाकलेल्या चुकीची शिक्षा निरपराध माणसाला भोगावी लागते.