मगदूम आण्णांचा मागचा ब्रेक

“...आणि मगदुमांच्या गाडीवर म्हणे तो पोरगा अजून...”

पिठाच्या गिरणीत मी पाय टाकला आणि बायका गप्प झाल्या. आमचं घर मगदुमांना लागून, म्हणून. पण कानावर पडायचं ते पडलं होतं.

पोरगा म्हणजे मगदूम आण्णांचा संमेद. उसाच्या हंगामात, उभ्या ट्रॉलीवर मागून मोटारसायकल आदळून गेला. ब्रेक मारला होता त्यानं. उशिरा मारला.

तीच गाडी दुरुस्त करून आता आण्णा चालवतात. आणि तिचा मागचा ब्रेक असा किंचाळतो, की गल्लीतली कुत्री उठून उभी राहतात.

समोरच्या गॅरेजात आण्णांची गाडी उभी दिसली. दळण तिथंच ठेवलं आणि मी रस्ता ओलांडला.

गॅरेज दस्तगीर वस्तादांचं. त्यांचा हात आता थरथरतो, काम सगळं त्यांचा चेला निवास बघतो. हुशार आहे. तसं तो स्वतःच सांगतो.

“परत किंचाळतंय?” निवास तडकला होता. “ब्रेकच्या ड्रममधली धूळ काढली. कॅमला ग्रीस दिलं. लायनर नवं घातलं, तेही कंपनीचं. तरी पुन्हा घासून काचेसारखं गुळगुळीत! वस्ताद, माझ्या हातचं काम परत येत नाही. ही गाडीच खोटी आहे.”

आण्णा गाडीवरूनच म्हणाले, “आवाज तेवढा घालवा, दस्तगीरभाई. गल्लीत वळलो की घरात ही कानात बोटं घालते. आता नाही गेला तर गाडी भंगारात द्या म्हणते... पोराचं तेवढंच राहिलंय हो.”

वस्ताद उठले. निवासच्या खांद्याचा आधार घेऊन मागच्या सीटवर बसले.

“चला आण्णा. मोकळ्या रस्त्यानं एक चक्कर.”

गेले. आले. दारात ब्रेक लागला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

“वाटेत ब्रेक किती वेळा मारला, आण्णा?”

“कुठं मारला? रस्ता रिकामा होता. आत्ता मारला तेवढाच.”

“निवास, ड्रमला हात लाव.”

निवासनं लावला आणि झटकन मागे घेतला. “आयला! तवा झालाय.”

“का?”

“लायनर चिकटून बसत असणार. नाहीतर स्प्रिंग गेली.”

“अजून?”

निवास पाना शोधू लागला.

वस्ताद मग खाली बसले. तेलकट फरशीवर, मांडी घालून. दोन्ही हातांनी त्यांनी आण्णांचा उजवा पाय धरला.

“अहो, हे काय! वयानं मोठे तुम्ही...” आण्णा अवघडले.

गाडी बंद होती. तरी पाय ब्रेकवर होता. लाकडासारखा ताठ.

“सोडा की, आण्णा.”

“नको...” आण्णांनी हँडल घट्ट धरलं. “राहू दे, दस्तगीरभाई. आधीपासून पाय ठेवला की उशीर होत नाही.”

...

वस्तादांनी जरासा उचललेला पाय हळूच परत ब्रेकवर ठेवला.

गाडीवर संमेद होता का, मला विचाराल तर नव्हता. पण आण्णा एकटे होते, असंही मी म्हणणार नाही.

थोड्या वेळानं ते उतरले, तोंडावर पाणी मारायला नळाकडे गेले. निवास चाकापाशी वाकला. पान्याला हात घातला, पण नट काही फिरवेना.

“वस्ताद,” तो हळू म्हणाला, “त्यांना सांगा ना, पाय काढून चालवा म्हणून.”

“तू लायनर बदल. आणि पुढच्या वेळी आवाज यायच्या आधी बदल.”

“असं कुठवर बदलत राहू?”

नळ चालूच होता. आण्णा त्याखाली नुसते ओंजळ धरून उभे होते.

वस्तादांनी तिकडं बघत नवं लायनर निवासच्या हातात ठेवलं.

“पाय दमेपर्यंत.”