वलांडीवरचा मिशाळदेव

मोरवेळच्या किनाऱ्यावर बोंबील वाळवायच्या वलांड्या आहेत, म्हणजे बांबू रोवून त्यावर दोऱ्या ताणलेल्या. त्यातल्या अगदी टोकाच्या वलांडीवर चैत्रात एक दिवस बोंबलांच्या शेजारी चक्क एक देव वाळत घातलेला असतो. हो, देव! हातभर लांब, लाकडाचा, अंगभर खवले, पायांना नख्या, डोक्यावर डाव्या बाजूला एकच शिंग आणि नाकाशी दोन लांबच लांब मिशा. समोर गावातल्या पंधरावीस बायका कमरेवर हात ठेवून त्याला मनसोक्त झापत असतात.

मुंबईहून आलेली पोरं हे बघून आधी मोबाईल काढतात. "अरे, हा तर ड्रॅगन किंग! गेममध्ये शेवटच्या लेव्हलला असतो, याला मारायचं असतं." मग कुणीतरी हमखास विचारतं, "काका, हा तोंडातून आग काढतो का?"

तिथे जाळं विणत बसलेले काशा नाखवा दरवर्षी हेच ऐकून कावलेले असतात. "समुद्राचा राजा आहे तो. पाण्यात राहून आग काढायला काय येड लागलंय त्याला? बसा खाली. आणि ते मोबाईल ठेवा आधी." पोरं बसतात, आणि नाखवा सांगायला लागतात.

शिडाच्या होड्यांचा काळ होता. एक चिनी गलबत वादळात फुटलं आणि त्यावरचा हा देव वाहत वाहत मोरवेळला लागला म्हणे. पार मलाक्क्यापर्यंत जाऊन आलेल्या एका खलाशाने त्याला ओळखलं. हा चिनी लोकांचा समुद्राचा राजा, वारा-पाऊस याच्या हातात! गाव एकदम खूश. त्याला सावलीत छान देऊळ बांधलं, नाव ठेवलं मिशाळदेव, आणि पूजा सोपवली चांगुणा कोळणीकडे.

आता गंमत अशी की हा देव बोलायचा, पण फक्त चांगुणाशी. भर दुपारी, नैवेद्य खाऊन झाला की. आणि बोलायचा काय, तर तक्रारी. नारळ शिळा आहे. फुलं कालची आहेत. आमच्याकडे गरम पाण्यात पाला टाकून देतात, तसं इथे कुणीच कसं देत नाही? चांगुणा वैतागायची, पण सगळं निमूट करायची. समुद्राचा राजा हाताशी असलेला बरा, असा तिचा साधा हिशोब.

मग एका चैत्रात वारा पडला. पडला म्हणजे पडलाच. गावातल्या सातही होड्या बाहेर होत्या, चांगुणाचा नवरा राघू त्यातल्याच एकीवर. टेकडीवर चढलं की लांब सात ठिपके दिसायचे, जागच्या जागी. दिवसभर वल्हवून जेवढं पुढे यावं, तेवढं ओहोटी मागे न्यायची. पाणी घेऊन जावं तर किनाऱ्यावर एकही होडी उरली नव्हती. होड्यांवर पिण्याचं पाणी असायचं चार दिवसांचं. चौथा दिवस उजाडला तशी चांगुणा देवळात गेली.

"वारा सोड रे बाबा."

"हा समुद्र माझा नाही," मिशाळदेव म्हणाला. "माझा पूर्वेचा. हा पश्चिमेचा, तो माझा भाऊ बघतो."

"मग भावाला सांग!"

"सांगतो की."

पाचव्या दिवशी ती परत हजर. देव म्हणाला, "निरोप धाडलाय. खेकड्याबरोबर."

"खेकड्याबरोबर?"

"माझे सेनापती खेकडेच आहेत."

"अरे, तो तिरका चालतो! पोचणार कधी?"

"वेळ लागणारच. त्यात परवापासून एक सेनापती सापडत नाहीये."

चांगुणाने गुपचूप देवळाबाहेरची वाट धरली. परवा तिच्याकडे खेकड्याचं कालवण होतं.

सहाव्या दिवशी देवाने नवीनच काढलं. वारा सोडायला वरून हुकूम लागतो, स्वर्गाच्या राजाचा, आणि तो अजून आलेला नाही. झालं! चांगुणाचं डोकं सणकलं. तिने देवाला मिशांसकट उचललं, भर उन्हात किनाऱ्यावर नेलं आणि वलांडीवर बोंबलांच्या रांगेत घट्ट बांधून टाकलं.

"इतकी वर्षं सावलीत बसून खाल्लंस ना? आता ज्या उन्हात माझा राघू आहे, त्याच उन्हात तू."

"आणि तू घरी जाणार?" देवाने विचारलं.

चांगुणा दोन पावलं गेली होती. ती मागे फिरली, पदर डोक्यावरून काढून कमरेला खोचला आणि त्याच्या शेजारी वाळूत बसली. तिने पाण्याचा थेंबही घेतला नाही. शेजारणी येऊन "उठ गो, मरशील" म्हणून ओरडून गेल्या, ही ढिम्म. सातव्या दिवशी दुपारपर्यंत देवाचा रंग तडकला आणि हिचे ओठ.

तेव्हा कुठे तिने विचारलं, "हुकुमाशिवाय वारा सोडलास तर काय करतात रे तुला?"

देव हळूच म्हणाला, "शिंग कापतात. शिंग गेलं की राजेपण गेलं. आपल्या समुद्रात परत जाता येत नाही."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ही सबब नव्हती. तो घाबरला होता. चांगुणाला हे कळलं, आणि तिचा राग जरा खालीच बसला.

"मग इथे राहा," ती म्हणाली. "जेवणाखाणाचं मी बघीन. माझ्यामागे माझ्या लेकीसुना बघतील. पण ती माणसं आण रे."

असं सांगतात की मिशाळदेवाने डोळे मिटले आणि फुंकर घातली. आधी दोरीवरचे बोंबील हलले. मग टेकडीवरून कुणीतरी ओरडलं, शिडं फुगली! सूर्य मावळायच्या आत सातही होड्या किनाऱ्याला लागल्या. राघूला दोघांनी धरून उतरवलं, पण तो जिवंत होता. माणसांना पाणी पाजून झाल्यावर चांगुणा देवाला सोडवायला गेली, तर वलांडीखाली वाळूत त्याचं उजवं शिंग पडलेलं. करवतीने कापावं तसं, साफ.

आजही चैत्रात मोरवेळच्या बायका त्याला तासभर वलांडीवर बांधतात आणि वर्षभराचा सगळा वैताग त्याच्यावर काढतात. पण त्याला एकटं ठेवत नाहीत, एकीने शेजारी उन्हात बसायचंच. मुंबईच्या एका सुताराने फुकटात नवीन शिंग बसवून देतो म्हटलं होतं, त्याला बायकांनी हाकलून दिलं. झापून झालं की सगळ्यांत वयस्कर बाई देवाला सोडवून मांडीवर घेते आणि तुटक्या शिंगाच्या जागी खोबरेल तेल चोळत विचारते, "दुखतंय का रे अजून?"

आणि लगेच म्हणते, "राहू दे, बोलू नकोस. तोंड उघडलंस की काहीतरी सबबच सांगशील."