घर देणाऱ्याची रीत

सरकारी योजनेच्या सोडतीत आम्हाला घर लागलं, पण इमारतीत पाणीच नव्हतं. ताबा द्यायला आलेले साहेब फोटोग्राफरसमोर आईला म्हणाले, "शेवंताबाई, झोपडीतून फ्लॅटमध्ये चाललात. सही करा, किल्ली घ्या. पाणी येईल मागाहून."

सही झाली की इकडे कोणी फिरकणार नाही, हे आई जाणून होती. तिने तांब्या पुढे केला.

"साहेब, घर देणाऱ्याने आधी त्या घरच्या नळाचं पाणी प्यायचं, अशी आमच्यात रीत आहे. मग सही."

साहेबांनी नळ सोडला. नुसती हवा फुसफुसली, आणि फोटो नेमका तेव्हाच निघाला.

संध्याकाळी साऱ्या इमारतीला पाणी आलं. साहेब पाणी प्यायले, मगच आईने सही केली.

मी हळूच विचारलं, "आई, अशी रीत आहे आपल्यात?"

"आजपासून आहे," आई म्हणाली.