टोपलीतले राज्य

एका नदीच्या अलीकडे एक राज्य होते आणि पलीकडे दुसरे. नदी अरुंद, पण खोल. दोन्हीकडच्या राजांनी तिलाच सीमा मानले होते आणि निदान तेवढ्या बाबतीत तरी त्यांचे भांडण नव्हते.

पलीकडच्या काठावर एक उंच काळा कातळ होता, पाटीसारखा सपाट. एक म्हातारी शिडी लावून त्यावर चुन्याने ओळी लिहायची. कोणीही चिठ्ठी पाठवावी, ती मोठ्या अक्षरांत कातळावर उतरवायची. पाठवणाऱ्याचे नाव विचारायची नाही. अलीकडच्या घाटावर धुणे धुता धुता सगळा गाव ते वाचायचा. कोणाची म्हैस हरवली, कोणत्या वाटेवर दरड कोसळली, कारल्याचा कडूपणा कसा घालवावा, सगळे तिथे. गावातले निम्मे शहाणपण त्या कातळावरून आले होते आणि मूर्खपणाही बराचसा तिथूनच यायचा. निवडून घेणे हे ज्याचे त्याचे काम.

अलीकडच्या राजाच्या पदरी एक हुकूमवाला होता. राजाचे हुकूम चौकात मोठ्याने वाचून दाखवायचे, ही त्याची चाकरी. त्या राज्याचा एक जुना रिवाज होता: राजाच्या मातीवर उभे राहून वाचला, तरच हुकूम लागू. म्हणून हुकूमवाला आधी चपला काढायचा, मातीवर पाय रोवायचा, घसा खाकरायचा आणि मग सुरू व्हायचा. वीस वर्षे दुसऱ्यांची वाक्ये वाचून त्याची स्वतःची वाक्ये जवळजवळ संपली होती. घरी जेवायला बसला तरी "भात वाढण्यात यावा" म्हणायचा.

त्याची थोरली बहीण सुईण होती. अर्ध्या गावाची नाळ तिने कापली होती, हुकूमवाल्याच्या तिन्ही मुलांचीसुद्धा. एका सकाळी कातळावर नवी ओळ दिसली: "घाटावरची सुईण गंजक्या विळ्याने नाळ कापते. तिला बोलावू नका."

साफ खोटे होते ते. सुईणीने विळा कधी हातातही धरला नव्हता. पातळ पात्याचा चाकू ती उकळत्या पाण्यात घालून मगच वापरायची, आणि हे गावातल्या प्रत्येक बाळंतिणीने डोळ्यांनी पाहिले होते. पण छोट्याशा चाकूपेक्षा हातभर उंचीची अक्षरे लोकांना जास्त खरी वाटली. आठवड्याभरात सुईणीच्या दारावर थाप पडेनाशी झाली.

हुकूमवाला राजाकडे गेला. "महाराज, माझ्या बहिणीवर खोटा आळ आलाय. ती ओळ पुसली जावी."

राजा ताडकन उठून बसला. बहिणीच्या दुःखाने नव्हे. त्याच कातळावर त्याच्या मिशीचे एक चित्र महिनाभर होते आणि त्याला निमित्तच हवे होते. "फार झालं," तो म्हणाला. "एकटी तुझ्या बहिणीचीच ओळ का? या राज्याच्या कायद्यात न बसणारं जे जे तिथे असेल, ते सगळं पुसलं जाईल. यादी करा."

यादी झाली. दरबारी मंडळींना एवढी मोठी संधी पुन्हा कधी मिळणार होती? मिशीचे चित्र पहिले. राजाच्या बागेतले आंबे आंबट आहेत, हे दुसरे. राजज्योतिष्याने ऊन सांगितले असताना कातळाने पाऊस सांगितला, आणि वर तो पडलाही, हे तिसरे. असे करता करता एकेचाळीस गुन्हे भरले. सुईणीची ओळ एकोणचाळिसावी लागली, लोणच्यात हिंग जास्त सांगितल्याच्या तक्रारीखाली.

"पण महाराज," हुकूमवाला चाचरत म्हणाला, "तिथली माती आपली नाही. हुकूम लागू कसा होणार?"

यावर प्रधानाने जे उत्तर दिले, ते सुचायला प्रधानच असावे लागते. "माती घेऊन जा," तो म्हणाला. "टोपलीभर."

झाले. हुकूमवाला डोक्यावर मातीची टोपली आणि काखेत हुकुमाची गुंडाळी घेऊन नावेत बसला. पलीकडे उतरून त्याने कातळाखाली माती ओतली, तिचा छोटासा ढीग केला, त्यावर अनवाणी उभा राहिला आणि एकेचाळीस गुन्हे वाचून दाखवले. ढीग एवढासा की एक पाय सारखा घसरत होता.

म्हातारीने शिडीवरूनच सगळे ऐकून घेतले. मग ती खाली आली.

"अरे, हा कोण मला सांगणारा? बाबा, तुझ्या राजाचा कायदा तुझ्या राजाच्या मुलखात. मी राहते इथं. इथं मिशीचं चित्र काढणं गुन्हा नाही, आंब्याला आंबट म्हणणं गुन्हा नाही. मी कशाला पुसू?"

"हुकूम आहे, मावशी."

"असू दे. पण ती सुईणीची ओळ खोटी आहे म्हणतोस?"

"धडधडीत खोटी."

"तुला कसं ठाऊक?"

ती माझी बहीण आहे, माझ्या मुलांच्या वेळी मी स्वतः दाराशी बसून पाणी उकळून दिले, हे सगळे हुकूमवाल्याच्या ओठांवर आले होते. पण ते हुकुमात लिहिलेले नव्हते.

"खोटं लिहून बाईची भाकरी काढून घेणं आमच्याकडेही पाप आहे," म्हातारी म्हणाली. "तेवढी एक ओळ सांग, मी आत्ता पुसते. बाकीच्या चाळिसांचं सोड."

हुकूमवाल्याने कातळाकडे पाहिले. ओळ हाताच्या अंतरावर होती. मग त्याला राजाचा चेहरा आठवला, प्रधानाचा आठवला, आणि आपली वीस वर्षांची चाकरी आठवली. हुकूम तोडून त्यातला एकच तुकडा मागितला, असे कळले तर काय होईल?

"हुकूम अखंड आहे," तो म्हणाला. "सगळं पुसण्यात यावं, नाहीतर काहीच नाही."

"मग काहीच नाही," म्हातारी म्हणाली आणि शिडी चढली.

राजाला वाटले, माती कमी पडली. दुसऱ्या खेपेला मोठी टोपली गेली, तिसऱ्या खेपेला दोन. हुकूमवाल्याच्या डोक्याला चुंबळीचा घट्टा पडला. अकरा वेळा तो पलीकडे गेला, अकरा वेळा त्याने तीच यादी वाचली आणि अकरा वेळा म्हातारी म्हणाली, "अरे, हा कोण मला सांगणारा?" माती मात्र चांगली होती. तिने त्यात कोथिंबीर पेरली.

मग राजाने विचार केला, पलीकडचे पुसता येत नाही तर अलीकडचे झाकू. घाटावर बांबूचे तट्टे उभे राहिले. पहिल्याच दिवशी तट्ट्यांना भोके पडली, दुसऱ्या दिवशी लोक चिंचेवर चढून वाचू लागले आणि तिसऱ्या दिवशी तट्ट्यांवर नेमलेले शिपाईच येणाऱ्याजाणाऱ्यांना आज काय लिहिलंय ते सांगू लागले. मग हुकूम निघाला की घाटावर सगळ्यांनी कातळाकडे पाठ करूनच चालावे. त्या आठवड्यात एकवीस घागरी फुटल्या आणि खुद्द प्रधान उलटा चालता चालता नदीत पडला. हुकूमवाल्याने हे सगळे हुकूम चौकात उभे राहून वाचले. वाचताना त्याला स्वतःचीच लाज वाटत होती, आणि राग तर इतका येत होता की कागद फाडून टाकावा. पण कागद त्याने फाडला नाही, घडी करून ठेवला.

याच दिवसांत कुंभाराच्या बायकोला कळा लागल्या. सुईण न बोलावता गेली. कुंभाराच्या आईने दार अर्धे उघडले, तिच्या हातांकडे पाहिले आणि दार लावून घेतले. दुसरी सुईण तीन गावे ओलांडून यायची होती. ती पोहोचेपर्यंत उशीर झाला. बाई वाचली, बाळ राहिले नाही. तोवर सुईण तशीच दाराबाहेर उभी होती.

हुकूमवाल्याला हे कळले तेव्हा तो थेट नावेकडे धावला. टोपली नाही, गुंडाळी नाही. पलीकडे उतरून तो म्हातारीच्या पाया पडला. "मावशी, ती माझी बहीण आहे. ती एक ओळ पूस. बाकी काही नको."

म्हातारीचा चेहरा उतरला. "फार उशीर केलास रे. तुमच्या मातीच्या ढिगाची बातमी आमच्या राजाच्या कानावर गेली. त्यानं कालच हुकूम काढलाय. नदीपलीकडून कोणी सांगितलं म्हणून इथलं एक अक्षरही पुसायचं नाही. पुसलं तर माझी शिडी जप्त."

पलीकडचा राजा एवढ्यावर थांबला नाही. त्याच्याकडेही हुकूमवाला होता आणि मातीला काही तोटा नव्हता. चार दिवसांनी अलीकडच्या बाजारात भाजीवाल्यांच्या मधोमध त्याच्या मातीचा ढीग पडला आणि त्यावरून हुकूम वाचला गेला: माणसाने डोक्यावर ओझे वाहणे गुन्हा आहे. हमाल बसून राहिले. ही युक्ती बाकीच्या राजांनाही आवडली. डोंगरापलीकडच्या राजाची टोपली आली: शनिवारी दही विरजणे मना. समुद्राकाठच्या राजाची आली: मासळीला वास येतो म्हणणे मना. चौथ्याची आली: हसताना दात दाखवणे मना. बाजारात जागोजागी ढीग झाले. हमाली चुकवावी तर दही लागते, दही सोडावे तर हसू येते. सरळ मार्गाने चालणाऱ्या माणसाला दुपारपर्यंत चार राज्यांचे गुन्हे लागत होते.

पाचवी टोपली थेट राजवाड्याच्या दारात रिकामी झाली. तो हुकूमवाला सोबत न्हावी घेऊन आला होता. "आमच्या राजापेक्षा मोठी मिशी कोणीही ठेवू नये," त्याने वाचले आणि न्हाव्याने वस्तरा परजला.

राजा लालबुंद झाला. "अरे, हा कोण मला सांगणारा?"

हुकूमवाला शेजारीच उभा होता. तो खाकरलाही नाही.

"महाराज, हेच ती म्हातारी अकरा वेळा म्हणाली. मी अकराही वेळा येऊन तुम्हाला सांगितलं. तुम्ही दर वेळी टोपली मोठी केलीत."

राजाने मिशीवर हात ठेवला.

"मग माझं राज्य कुठपर्यंत?" त्याने विचारले.

"नदीपर्यंत, महाराज. पलीकडे हुकूम नाही, तुमची फक्त ओळख चालेल. तिथल्या राजाशी बोला. त्याच्याकडे आणि आपल्याकडे जे दोन्हीकडे वाईट मानतात, तेवढंच मागा. आणि खोटी चिठ्ठी धाडणारा तर इथलाच असणार, त्याला इथंच धरा."

राजा कुरकुरला, रुसला, दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी दोघे राजे नदीच्या मधोमध एका नावेत बसले, यादी घेऊन हुकूमवालाही सोबत. चाळीस बाबींवर त्यांचे जमले नाही. जमणारही नव्हते. एकोणचाळिसाव्या बाबीवर मात्र भांडायला काही नव्हतेच. जिवंत माणसाविषयी घातक खोटे पसरवणे दोन्ही राज्यांत पूर्वीपासून गुन्हा होता. तसा करार झाला, टोपल्या परत गेल्या आणि नावाड्याने नाव वळवली.

वळवता वळवता तो सहज म्हणाला, "ती चिठ्ठी त्या काढेवाल्यानं दिली होती. बाळंतकाढे विकतो ना, तो. सुईण बायकांना काढा घरीच करायला शिकवायची, त्याचा माल पडून राहायचा. मीच नेली पलीकडे. आत काय लिहिलंय ते मी पाहिलं नाही, पण ओळ दुसऱ्याच दिवशी चढली."

हुकूमवाल्याने कपाळावर हात मारून घेतला. "आणि इतके महिने तू बोलला नाहीस?"

"विचारलं कोणी? तुम्ही सगळे आपली टोपली सांभाळत होता."

काढेवाल्याला त्याच दुपारी त्याच्या दुकानातून उचलले. तो राजाच्याच मातीवर बसून काढे विकत होता, त्याच्यासाठी कुठून माती आणावी लागली नाही. पलीकडे म्हातारीने वाटीभर पाणी घेतले, चिंधी भिजवली आणि शिडी चढली. चार हात फिरवले, ओळ गेली.

हुकूमवाला बहिणीकडे गेला. ती ओसरीत बसून तांदूळ निवडत होती.

"ताई, ओळ पुसली."

"बरं झालं," ती म्हणाली. तिने सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला. "सकाळी एक बाई येऊन गेली. तिच्या सुनेला आठवा लागलाय. बोलवू का नको, असं मलाच विचारत होती." मग थोड्या वेळाने तिने विचारले, "पुसायला किती वेळ लागला रे?"

"फार नाही."

"म्हातारी नाही म्हणत होती का?"

हुकूमवाल्याला खोटे बोलता आले असते. "पहिल्याच दिवशी हो म्हणाली होती. एवढी एक ओळ माग म्हणाली. मीच नाही मागितली. हुकूम सगळ्याचा होता."

सुईणीचे हात थांबले. कुंभारवाड्याच्या दिशेला तिने एकदा पाहिले आणि पुन्हा सुपाकडे. ती रागावली असती तर त्याला बरे वाटले असते. ती फक्त म्हणाली, "मागायचं होतंस रे."

वीस वर्षे चौकात उभा राहून वाचणारा तो माणूस तिच्या शेजारी खाली बसला आणि सुपातले खडे वेचू लागला.

तात्पर्य, सांगायलाच हवे म्हणून: आपला कायदा परक्याच्या दारात ओतून तिथली जमीन आपली होत नाही. सगळे काही हुकुमाने मिळवू पाहणाऱ्याच्या हातून, नुसते मागून मिळाले असते तेही जाते, आणि त्याची किंमत दाराबाहेर उभे असलेले कोणीतरी तिसरेच भरते.