सगुणेच्या हाताचं खापर

फार जुनी गोष्ट, बरं का. तेव्हा काडेपेट्या नव्हत्या. चूल विझली की शेजारी जायचं, खापरात विस्तव मागून आणायचा आणि आपली चूल पेटवायची. खापर म्हणजे फुटक्या मडक्याचा तुकडा. अरे, सगळं पांघरूण एकट्यानं ओढू नकोस.

तर एका गावात होती सगुणा. तिला एक लेक, येसू. इवलीशी, सदा आईच्या कडेवर. शेजारी राहायची तुळसाक्का. तिचं बाळ तान्हं होतं.

एकदा काय झालं, थंडीचे दिवस, तिन्हीसांजेची वेळ, आणि तुळसाक्काची चूल विझली. बाळ थंडीनं कुडकुडत होतं. मग ती खापर घेऊन सगुणेच्या दारात आली. म्हणाली, "सगुणे, दोन निखारे दे गं." आता त्या गावाची रीत अशी, की तिन्हीसांजेला घरातला विस्तव बाहेर द्यायचा नाही. दिला तर लक्ष्मी जाते म्हणे. सगुणा आपल्या धगधगत्या चुलीपुढे बसून म्हणाली, "अक्का, सकाळी ये." खापर अंगणातच टाकून तुळसाक्का निघून गेली.

सकाळी सगुणेला राहवेना. शेजारी जाऊन बघते तर दाराला कडी. तुळसाक्का बाळाला पोटाशी धरून पहाटेच गाव सोडून गेली होती. मग सगुणेनं अंगणातलं तेच खापर उचललं, त्यात निखारे भरले, आता तरी देऊ म्हणून मागे धावली. तुळसाक्का काही दिसली नाही. घरी येऊन खापर खाली ठेवायला गेली, तर ते हाताला चिकटलेलं. सुटता सुटेना, आणि निखारेही विझेनात.

मग कसली भाकरी थापतेय आणि कसली लेक उचलतेय? येसू जवळ आली की तिला चटका बसेल म्हणून सगुणाच तिला दूर लोटायची. येसू रडायची. मग काही दिवसांनी रडायचीही थांबली. सगुणेला तेच जास्त लागलं.

अशी वर्षं गेली. मग ती नदीवर गेली, खापर पाण्यात बुडवलं. पाणी तापलं, निखारे तसेच. मग ती डोंगरावर वाऱ्याकडे गेली. वाऱ्यानं फुंकर घातली, तर निखारे आणखीच फुलले. वारा तो, त्याला कुठली अक्कल. मग ती वेशीवरच्या म्हाताऱ्या चिंचेकडे गेली. चिंच म्हणाली, "तुळसा डोंगरापलीकडच्या गावात आहे. पण इतकी वर्षं मला विचारलं का नाहीस, बाई?" सगुणेला तुळसाक्काला तोंड दाखवायची लाज वाटत होती.

मग ती डोंगर ओलांडून त्या गावात गेली. तुळसाक्का भाकरी भाजत होती. अंगणात तिचा मुलगा विटीदांडू खेळत होता. सगुणा रडत म्हणाली, "अक्का, चुकले मी. हा तुझा विस्तव घे."

तुळसाक्कानं तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली, "फार राग होता तुझा. अजूनही ती सांज आठवली की घास उतरत नाही. पण माझी चूल केव्हाच पेटली गं. आता हा घेऊन मी काय करू? ज्याची विझली असेल त्याला दे." आणि तिनं सगुणेला भाकरी बांधून दिली.

परतताना वाटेत एका खोपटात एक म्हातारा थंड राख फुंकत बसला होता. दिवस मावळला होता, बरं का, अगदी तिन्हीसांज. सगुणा क्षणभर अडखळली. मग आत गेली आणि सगळे निखारे त्याच्या चुलीत ओतले. खापर आपोआप गळून पडलं. तळहातावर डाग मात्र राहिला, तो कधी गेला नाही.

सगुणा धावत घरी आली. येसूला उचलायला गेली, तर येसू कडेवर मावेना. तिचे पाय जमिनीला टेकायला लागले. लेक मोठी झाली होती आणि आईनं ते पाहिलंच नव्हतं. सगुणा उंबऱ्यावर बसून खूप रडली. येसू जरा वेळ लांबच उभी राहिली. मग हळूच येऊन आईकडे पाठ करून बसली आणि म्हणाली, "आई, वेणी घालून दे."

सगुणेनं डोळे पुसले आणि वेणी घालून दिली. पुढे दोघी मायलेकी सुखानं राहिल्या. चला, मिटा आता डोळे, माझेही मिटायला लागलेत.