सुपडूची निरगाठ

तापीकाठच्या एका गावात सुपडू आणि झिपरू असे दोन घोडेवाले शेजारी राहत. सुपडूच्या घोडीचे नाव पाखरी, झिपरूच्या घोडीचे चांदणी. यात्रेत जिची चाल सर्वांत देखणी, तिला देवाच्या पालखीपुढे नाचण्याचा मान मिळे. सलग दोन वर्षे तो चांदणीने पटकावला होता. तेव्हापासून चांदणी नुसती खिंकाळली तरी सुपडूच्या पोटात दुखे. आपली पाखरी काही कमी नाही, हे त्याला दिसतच नसे. त्याचे डोळे सदा शेजारच्या दावणीवर.

यंदा यात्रेला जायला दोघांनी मिळून एकच टेम्पो केला. पहिल्या मुक्कामाला घोड्या उतरवल्या, मेखा ठोकल्या. झिपरूने चांदणीला सुरगाठ मारली. टोक ओढले की सुटणारी. सुपडू हसला. "ही गाठ घोडीला मारलीस की पिशवीला?" त्याने पाखरीला पुढून आणि मागून करकचून निरगाठी मारल्या.

झिपरू म्हणाला, "भाऊ, घोडी बांधताना सोडायचंही ध्यानात ठेवावं. वेळ सांगून येत नाही."

सुपडूला हेही झोंबले. मान याच्याकडे, आणि शहाणपणही याच्याकडेच.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओढ्याकाठी मुक्काम पडला. येणारेजाणारे थांबून चांदणीचे कौतुक करू लागले. सुपडू आतल्या आत जळत होता. लोक पांगले, झिपरू पाणी आणायला ओढ्यावर उतरला, तसे सुपडूने चांदणीच्या दोराचे टोक ओढले आणि तिच्या पाठीवर एक थाप हाणली. चांदणी पलीकडच्या उसाच्या शेताकडे उधळली.

पण दोन दिवस टेम्पोत अंगाला अंग लावून उभ्या असलेल्या त्या घोड्या आता मैत्रिणी झाल्या होत्या. मालकांचे हेवेदावे त्यांना काय ठाऊक? चांदणी पळताना पाहून पाखरीने झेप घेतली. मागचा दोर पायात गुंतला आणि ती कोसळली. पुढचा दोर मानेला आवळला. सुपडूने नखे लावली, दात लावले. स्वतःच्या हातची गाठ त्याला सुटेना.

झिपरू धावत आला. तिकडे चांदणी उसात शिरत होती, इकडे पाखरीचा श्वास घरघरत होता. त्याने चांदणीकडे पाठ केली, टेम्पोतला विळा आणला आणि दोर कापले. पाखरी उठली, पण लंगडत. ती खिंकाळली, तशी चांदणी उसातून आपणहून परत आली.

यात्रेत पुजारी दोघांना शोधत आले. "पाखरी कुठं आहे? दोन वर्षं चांदणीची झाली. गेल्या खेपेची पाखरीची चाल पंचांच्या डोळ्यांत भरलीय, यंदा त्यांनी तिचंच नाव काढलंय."

पाखरी टेम्पोपाशी तीन पायांवर उभी होती. पालखीपुढे पुन्हा चांदणीच नाचली.

परतताना सुपडू मान खाली घालून म्हणाला, "झिपरूभाऊ, चांदणी मीच सोडली होती."

"ठाऊक आहे," झिपरू म्हणाला. "सुरगाठ आपोआप सुटत नाही. पण तुझ्या मनात बसलीय ती निरगाठ. तिला माझा विळा चालायचा नाही. ती तुझी तूच सोड."

तात्पर्य: मत्सरी माणूस शेजाऱ्याचा मान घालवायला जातो आणि स्वतःच्या दारी आलेला मान गमावून बसतो.